अल्टोची चौथी मात्रा

— नाही, आधी बस. लॅपटॉपला हात नंतर. विषय मांडल्याशिवाय कागद पुढे सरकवायचा नाही ही जमीन खात्यातली सवय, निवृत्त झालो म्हणून ती सुटत नाही. तर, विषय : चर्चच्या वार्षिक परिषदेत आपल्या कोलोवाई गावच्या क्वायरने गायच्या गीतात, अल्टोच्या, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजाच्या, ओळीतल्या एका खणात एक मात्रा कमी असल्याबाबत. संदर्भ : क्वायरमास्तर सैमोने, म्हणजे तुझा बाप, याने तुझ्यामार्फत केलेला तोंडी अर्ज. काय म्हणाला तेही सांगतो — ‘केलेपीकडे जा, त्याचा तो प्रोग्रॅम बिघडलाय, तू ऑकलंडला असलीच कामं करतोस, नीट करून दे.’ असंच ना? — मान कशाला हलवतोस, आपल्या दोन घरांच्या मध्ये फक्त एक नीरफणस आहे आणि तुझ्या बापाचा आवाज साठ माणसांना उठवायला बसवायला वापरलेला आहे. चहा घे. बिस्कीट बुडवूनच खा, माझे पुढचे दोन दात ह्याच डब्याने नेले.

प्रोग्रॅम बिघडलेला नाही, फेलेती. बिघडला असता तर मी तुला कशाला, त्यालाच बोललो असतो. हा कसला आहे ठाऊक आहे का? — इतरांच्यासारखं ह्यात रेघांवर सुरांची अंडी टाकत बसायचं नसतं. उघडला की कोरं पान. त्यावर साधी अक्षरं टाइप करायची, एकेका सुराला एकेक अक्षर, मग तो ती वाचतो आणि छापायचा कागद बनवून देतो. कंस उघडा राहिला, कागद नाही. अक्षर चुकलं, कागद नाही. कुठे चुकलं ते एका ओळीत सांगतो, काय करायचं ते सांगत नाही. पहिल्याच दिवशी मला वाटलं, अरे, हा तर मीच — उभा जन्म खिडकीमागे बसून लोकांना मी दुसरं काय सांगितलं? तिसऱ्या रकान्यात त्रुटी, पुढचा या. पण बनवलाय युरोपातल्या माणसांनी, त्याला आपले सुरांचे आकडे कुठले माहीत. पहिला सूर म्हणजे तीन, हे त्याला पटेचना, तो आपला रेघा काढून देई. मग मी त्याची सगळी पुस्तिका वाचली — हो, सगळी, ह्या गावात बायबल अख्खं वाचलेले फार नाहीत, ही वाचलेला तर मी एकटाच — आणि त्याला शिकवलं. रेघा पूस. सी आला की तीन छाप, डी आला की चार, असं नऊपर्यंत. चार आवाज एकाखाली एक. एक आणि दोन कुठे गेले असं त्याने विचारलं नाही, आपणही कधी विचारलं नाही, आमच्या खात्यातसुद्धा फायलीची पहिली दोन पानं गहाळच असत. सुरुवातीला आकडे एकमेकांवर चढायचे, बास जाऊन टेनरच्या डोक्यावर बसायचा. तुझी आत्या मागे येऊन उभी राहायची, बघायची, आणि म्हणायची, ‘एवढं काय, आपल्या क्वायरमध्येही तेच करतात.’

तुझी आत्या. — तू तिला शेवटचं कधी भेटलास? — ऑकलंडमध्येच होतात ना दोघं, एकाच बसमार्गावर. — नाही रे, टोमणा नाही. मी तरी कुठे होतो? तू रात्रपाळीत होतास आणि मी विचाराधीन होतो. रक्त धुवायचं मशीन तिकडे म्हणून ती तिकडे, आमच्या पोरीकडे, सेलाकडे, आणि मी मागून जाणार होतो, व्हिसाचा अर्ज केला होता. डॉक्टरचा कागद, पाद्रीसाहेबांचा कागद, बँकेचा कागद, लग्नाचा कागद — कागद कसे लावायचे हे मला कुणी शिकवायला नको, टाचणीसुद्धा तिरकी नव्हती. जाऊ दे. विषयांतर होतंय. विषय मात्रेचा आहे.

तुझा बाप आणि तुझी आत्या, त्याला मिसरूड फुटल्यापासून एका छपराखाली बसले नाहीत. तू ऑकलंडला राहतोस तरी हे तुला कळतं, तुझ्या आईने शिकवलंच असेल. बहीण वर, भाऊ खाली. ती खोलीत आली की तो उठला. तिच्या वस्तूला हात नाही, तिच्या शब्दावर शब्द नाही. चर्चचं छप्पर देवाचं, ते ह्यात धरायचं नाही, पण तिथेही तो हात वर करायचा आणि नजर नेमकी अल्टोंच्या डोक्यावरून न्यायचा, खिडकीबाहेर, जिथे ती वटवाघळं लटकलेली असतात. आता एक भाऊ चाल बांधणार आणि त्याचीच बहीण तिला अल्टो लावणार, हे चालायचं कसं? — मी. मी म्हणजे टपाल. तो चाल आणि बास लिहून माझ्या हातात द्यायचा, मी तिच्यापुढे ठेवायचो, ती अल्टो भरायची, मी परत न्यायचो. मला तिने का पसंत केलं ह्याचा पुष्कळ विचार केला मी, क्वायरला हरकाऱ्या हवा होता ह्याहून दुसरं कारण सापडत नाही. आणि ऐक, तिने लिहिलेल्या अल्टोतला एक आकडा तुझ्या बापाने कधी बदलला नाही. एखादी जागा खटकली तर आपली चाल बदलायचा. लोक म्हणतात सैमोनेच्या चाली किती वळणाच्या — ती वळणं तिच्या अल्टोला वाट करून द्यायला घेतलेली आहेत, हे तुला मी सांगतो, तो सांगणार नाही.

ती तिकडे गेल्यावर टपाल फोनवरून. तेव्हा ह्या प्रोग्रॅमची खरी किंमत कळली, कारण नुसती अक्षरं, फोनवर साध्या संदेशात मावतात. एक हात मशीनला, दुसऱ्या हाताने टाइप करायची, एक खण, कधी दोन, दमली की तेवढंच. मी इथे आणून चिकटवायचो, चालवायचो, छापायचो, नीरफणसाखालून तुझ्या बापाला नेऊन द्यायचो. तिची एक रीत होती — आमेन आधी. मग सुरुवात. मधलं सगळ्यात शेवटी. मी विचारलं, हे कसलं उलटं काम, तर म्हणाली, ‘शेवट बांधून ठेवला की मधे कितीही भटकता येतं.’ तर आमेन आलं. सुरुवात आली. मधले खणही भरत आले, एक तेवढा राहिला होता. तो आला सकाळी, मी पाव कापत होतो. चार मात्रांचा खण. सात, सात, आठ. — बस. पुढे काही नाही. सात, सात, आठ.

मी उत्तर पाठवलं. लगेच पाठवलं. — काय पाठवलं असं तोंडाने विचारू नकोस, सांगतो ना. ‘एक मात्रा कमी आहे.’ एवढंच. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. त्रुटी, पुढचा या. दुपारी सेलाचा फोन आला.

— नको, पाणी नको, चहा आहे.

आता तालमीचं ऐक, तू नव्हतास, तुझ्या बापाने निम्मंच सांगितलं असणार. ती पेटीतून परत आली, तुम्ही तिला पुरलंत, चटया वाटल्या, जेवणावळीची डुकरं संपली, आणि मग परिषद तोंडावर आली म्हणून तालीम. मी कागद छापून दिले होते. आहे तसे. आता हा प्रोग्रॅम काय करतो, एका खणात मात्रा कमी असली की कागद अडवत नाही, नुसती तक्रारीची ओळ टाकतो, आणि त्या आवाजाचं पुढचं सगळं एक मात्रा अलीकडे ओढून घेतो, जागा रिकामी ठेवत नाही. बाकी तीन आवाज आपल्या जागी. आणि आपली क्वायर कशी आहे ते तुला माहीत आहे, आधी आकडे गाणार, शब्द मागून, आणि आकडा छापलेला आहे म्हणजे तो बरोबरच आहे. उद्या मी कागदावर भूकंप छापला तर बासवाले उभ्या उभ्या हलतील. त्या खणापर्यंत सगळं छान. मग अल्टोंनी सात, सात, आठ गायलं आणि सरळ पुढच्या खणात पाऊल टाकलं, एक मात्रा आधी. आणि तशाच चालत राहिल्या, सगळ्यांच्या एक पाऊल पुढे, अख्खं गीतभर. काय आवाज होत होता सांगू — दारात बोटं सापडावीत तसा. त्या बायांना ऐकू येत नव्हतं का? येत होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं एकेकीच्या, पण एकही थांबली नाही, कारण ओळ तिची होती. आणि तुझा बाप — टेनरचा अर्धा सूर चुकला तर ज्याने माणसाला दोन रविवार बाहेर उभं केलंय — तुझ्या बापाने हात खाली घेतला नाही. थांबवायचं म्हणजे बहिणीला थांबवायचं. घाम गळत होता, मान वटवाघळांकडे, आणि हात चाललेत. अल्टोंचं आमेन आधी झालं. त्या तोंडं मिटून उभ्या राहिल्या आणि बाकीचे मागून आले. मग कागद गोळा केले आणि घरी गेले.

तर हा तुझा बिघाड. — हो, हो, माहीत आहे मला. एक आकडा घातला की सगळं जागच्या जागी जाईल. सात घाल, असं सगळं गाव म्हणतंय, सात, सात, आठ, सात, शेळीसुद्धा सांगेल. तिची नुसती ओळख असलेला माणूससुद्धा सात म्हणणार नाही, पण ते असो. — तेही माहीत आहे. मात्रा धरून ठेवणारं, पण कागदावर न उमटणारं चिन्ह. न दिसणारी विश्रांती. पुस्तिकेत आहे, मी ते कधीच वाचलंय, एक अक्षर टाइप करायचं, एस. सूर नाही, खूण नाही, नुसती जागा. तू हुशार आहेस, तुझ्या बापाने उगाच नाही पाठवलं. पण मग प्रोग्रॅमचं समाधान होतं, कळतंय का तुला? त्याला वाटतं खण भरला. थांब, चालवून दाखवतो.

— दिसली ती ओळ? अल्टो, अमुक ठिकाणी, खण अपूर्ण. रोज सकाळी चालवतो मी. कागद हवा असो नसो. — का म्हणजे, प्रिंटरची शाई वाळू नये म्हणून. — प्रिंटर बंद आहे, बरोबर, वायरच काढलेली आहे, डोळे चांगले आहेत तुझे. ऐक. लोक आले, बसले, रडले, चटया दिल्या, गेले. आता मी दिसलो की हवेविषयी बोलतात, यामाच्या कंदांच्या पिकाविषयी बोलतात. माझ्या भल्यासाठीच. सेला फोनवर नातवंडांचं सांगते. तिचं नाव काढणारा हा एकटा उरलाय. रोज विचारतो — अल्टोचं काय? उरलेलं कधी येतंय? आणि मला त्याला सांगता येतं की अजून आलेलं नाही.

असो. हे बापाला सांगायची गरज नाही.

बरं, चल. ये इकडे. खुर्ची ओढ. कर्सर बरोबर तिथेच आहे, आठच्या पुढे. घाल तुला वाटेल ते. सात घाल, एस घाल, मी खिडकीबाहेर बघतो. मी सांगतोय, म्हणजे तुझ्यावर दोष नाही. घाल.

— घाल की.

जात नाही ना बोट. मला ठाऊक होतं. कमरेला अजून सुतकाची ती फाटकी चटई आहे तुझ्या, भावाच्या पोरांनीच नेसायची असते ती, सगळ्यांत फाटकी तुमची. तिच्या ताटातला घास तू उचलशील का? मग हेही तेच. बापाला हे कळत नव्हतं असं वाटतं तुला? त्याचा हात जात नाही म्हणून त्याने तुला पाठवलं, आणि भाच्याचा हात त्याहून जात नाही हे त्याला तुझ्याहून चांगलं माहीत आहे. मग राहिलं कोण — नवरा. नवऱ्याला मोकळीक आहे. एवढं साधं वाक्य मेव्हण्याच्या तोंडावर म्हणवेना म्हणून विमानाचं तिकीट काढून पोरगा मागवला. तिचाच भाऊ. आत्ता तो नीरफणसाखाली उभा आहे बघ, पानं गोळा केल्यासारखं करतोय. गेल्या चार दिवसांत त्या झाडाचं एक पान पडलेलं नाही.

नाही. मी नाही घालणार. — परिषदेचं काय म्हणजे? गायचं तर आहे तसं गा, नाहीतर जुनं काढा, जुनी काय थोडी आहेत.

चहा संपव आणि ऊठ. ती टोपली ने, याम आहेत, तुझ्या आईला दे. झाकण राहू दे, लॅपटॉप मी मिटेन. बापाला काय सांगायचं ते नीट ऐक, तसंच्या तसं सांग, आपल्या पदरचं काही घालू नकोस. अर्ज मिळाला. वाचला. — निर्णय? मला तरी माझ्या अर्जाचा निर्णय कुणी कळवलाय? तिला पुरून झालं, तरी तिकडच्या साहेबांच्या कागदावर मी अजून बायकोला भेटायला यायचाच आहे. सैमोनेला एवढंच सांग. अर्ज प्रलंबित आहे.