भिकनच्या गाडीचा खोकला

—नाही नाही, उठू नका पितांबरराव, त्या ड्रमावरच बसा, प्यांटीला ग्रीस लागलं तर घरी सांगा सासुरवाडीची खूण शे म्हणून. बठ्ठं दोंडाईचं, अख्खं गाव, आज निंबाखाली पत्ते कुटतंय. आखाजीचा, अक्षय तृतीयेचा दिवस, आज जुगाराला पोलीससुद्धा पाठ करून उभा राहतो—आणि तुम्ही जवाईमाणूस, आमरस नि खापरावरचे मांडे खाऊन आडवं व्हायचं सोडून भर उन्हात ही जीप घेऊन माझ्या दारात! आणि वरून मलाच दम? ‘एक तर हिचा खोकला काढा, नाही तर उद्या भंगारवाल्याला देतो’—वा रे वा. सासऱ्याची गाडी भंगारात? भिकननं ऐकलं असतं ना, तर तुमच्या मांड्यात मिरची भरली असती. नाही, चूक झाली, मिरची मी भरायचो. भिकन फक्त हसायचा, आणि हसता हसता खोकायचा.

काय म्हणता? कमल बसत नाही गाडीत? माहीत शे मला. सकाळी सासूबाईंच्या ओट्यावर तिनं काय तमाशा केला तेपण कळलं—एक पाय गाडीत, एक खाली, आणि तुम्ही चावी फिरवली तशी पोरगी किंचाळली, “माय वं, बा खोकस गाडीमा!” अख्खी गल्ली गोळा. आता बाप मेलेला, बापाच्या गाडीतून बापासारखा खोकला येतो, पोरीनं काय करावं? हसावं? मग तुमचंही बरोबर, बायको बसत नाही ती गाडी घरी नेऊन काय तिच्यात कोंबड्या ठेवायच्या? पण जवाईबापू, जित्या गाडीला भंगारात घालणं म्हणजे—असो. पाहू. आधी डिझेल पाहू. इंजिनाचं माणसासारखंच, दोनच गोष्टी लागतात, पोटाला आणि नाकाला. पोटाचं आधी पाहायचं.

ही काचेची वाटी दिसते? खाली बसलंय ते पाणी. डिझेल वर तरंगतं, पाणी तळाला. आपल्या इकडं खेड्यात ड्रमातलं डिझेल घेतात, आणि गाळतात कशानं, तर बायकोच्या जुन्या लुगड्यानं! मोठे हुशार. लुगड्यानं कचरा अडेल हो, पाणी कसं अडेल? उलट लुगड्याचेच धागे सुटून टाकीत जातात. एकदा एकाच्या फिल्टरमधून मी जरीच्या काठाचा तुकडा काढला—त्याला म्हटलं, भाऊ, ही तुझ्या बायकोची जर नाही, तिचं लुगडं मी पाहिलंय, मग ही कोणाची? आठ दिवस त्याच्या घरी चूल पेटली नाही म्हणतात! हॅहॅहॅ… हं. तर पाणी सोडून दिलं. आता हा फिल्टर काढू, हा पाहा, कागदाच्या घड्या कशा काळ्या पडल्या. हा धुवायचा नसतो, फेकायचा. लोक धुतात, उन्हात वाळवतात, पापडासारखा परत लावतात, नि मग म्हणतात झुलाल मेस्तरीचा हात गेला. नवा बसवला. आता गंमत. फिल्टर उघडला की नळीत हवा शिरते, आणि डिझेलच्या वाटेत हवा शिरली की इंजिन मेलं. म्हणून हा वरचा नट ढिला करायचा, हा हातपंप मारायचा, मारायचा, बुडबुडे येतात ते सगळे निघू द्यायचे, नुसतं डिझेल आलं की नट आवळायचा. याला म्हणतात एअर काढणं.

तुम्हाला सांगतो—आता सांगायला हरकत नाही—तुमच्या लग्नात वरातीची जीप मारुतीच्या पारापाशी बंद पडली होती, आठवतं? तुम्ही बाशिंग बांधून आत, वऱ्हाडी ढकलतायत, तुमच्या मातोश्री नऊवारी खोचून मागून जोर लावतायत… हा नट! हाच! दोन बोटांनी ढिला करून ठेवला होता मी. हॅहॅहॅ! भिकनला ठाऊक होतं. मुलीचा बाप तो, लाजेनं मरायचं सोडून पाराच्या मागं जाऊन तोंडात उपरणं कोंबून हसत होता, आणि हसता हसता खोकत होता, खोकून खोकून डोळ्यांतून पाणी—लोकांना वाटलं, पोरगी चालली म्हणून रडतो! बायका त्यालाच पाणी पाजायला धावल्या. रागावलात? नका रागावू. आज आखाजी, आज रागावलं तर पितर जेवत नाहीत.

मारा चावी.

…ऐकलं?

असं पांढरं तोंड करू नका, इंजिन शे ते. पण आवाज बेमालूम, नाही? आधी बारीक खाकरणं, मग थांबणं—जसं कोणी खाली वाकलं, गुडघ्यावर हात टेकला—आणि मग तो लांबलचक, ओढून काढलेला. भिकन आधी जिनिंगमध्ये होता ना, कापसाची धूळ खाऊन खाऊन छाती खवखवायची त्याची. नंतर जीप घेतली, बाजाराच्या दिवशी शिटा भरायचा, पण खोकला राहिला तो राहिलाच. मी त्याची हुबेहूब नक्कल करायचो. तंबूत सिनेमा लागला की मागं बसून खोकायचो, लोक म्हणायचे भिकन आला, जागा द्या! आता मी नक्कल करत नाही. गरज नाही पडत. समोर छगनचं चहाचं दुकान शे, त्याला विचारा, ही जीप वळणावर आली, खोकली, की छगनचा हात आपोआप भिकनच्या कमी साखरेच्या चहाकडं जातो. ओततो, आणि मग कप हातात धरून उभा राहतो.

बंद करा. बंद करा म्हटलं ना.

डिझेलचं काम झालं, तरी आवाज गेला नाही, हेच म्हणायचं ना तुम्हाला? आणि धूरही काळा. मोठे हुशार तुम्ही. मग नाक पाहा म्हणता—हा, हा काळा डबा? बॉनेटखालचा? हात मागं घ्या. हवेचा डबा तो. खाली वाटी, वाटीत तेल, वर तारेची जाळी. बाहेरची हवा या वाटेनं आत येते, तेलावर आपटते, धूळ तेलात बसते आणि स्वच्छ हवा इंजिनात जाते. वाटी वेळच्या वेळी धुवायची, जाळी रॉकेलमध्ये खळबळून काढायची, खुणेपर्यंत नवं तेल भरायचं, न्हाण्याइतकं सोपं काम. नाही धुतलं तर? तर चिखल साचतो, गाडी धापा टाकते, चढावर जीव जातो, काळा धूर, डिझेल ढोसते. आणि खोकते. हो, खोकते! यानंच खोकते. मला का माहीत नाही? आसपासच्या दोन जिल्ह्यांतल्या गाड्यांची नाकं शेंबडासकट मी पुसली आहेत.

पण हा डबा उघडायचा नाही. तानुबाईची आण शे. तुमच्या सासूची. भिकन गेला ना, तेव्हा तिनं घातली. आता तुम्ही जवाई, तुम्हाला कोणी नीट सांगितलं नसेल, ऐका. गेल्या वर्षीच्या चैतातली गोष्ट. दुपारी अशी वावटळ उठली नरडाण्याकडून, माती नुसती, लाल, दिवसा दिवे लावायची वेळ. भिकन तिकडून रिकामी गाडी घेऊन येत होता. छाती भरली असेल. त्यानं गाडी बाभळीखाली बाजूला घेतली, हातब्रेक ओढला—शिस्तीचा माणूस—आणि डोकं स्टेअरिंगवर ठेवलं. इंजिन बंद केलं नाही. करायला राहिलं. म्हणजे कसं, बाहेर ती माती, गाडीत तो, पुढं हे इंजिन, आणि दोघंही तीच हवा ओढतायत. तो थांबला. हे ओढत राहिलं. किती वेळ, कोण जाणे. टाकीतलं डिझेल संपेपर्यंत.

छगन आला मला सांगत, तुमचा दोस्त बाभळीखाली झोपलाय, उठत नाही. मी म्हटलं, सोंग करतो लेकाचा, माझ्यावर उलटवतो! पिचकारी घेऊन गेलो मी, पितांबरराव. पाण्यानं भरलेली पिचकारी, रंगपंचमीची. दारातून तोंडावर मारली त्याच्या. …

मग त्याला मागच्या सिटावर आडवा केला, घरी आणायला दुसरी गाडी नव्हती. कॅनमधून डिझेल ओतलं. टाकी कोरडी पडलेली, नळी हवेनं भरलेली, एअर काढल्याशिवाय सुरू व्हायची नाही. मी नट ढिला केला, हातपंप मारायला लागलो. बुडबुडे. मारतोय, मारतोय, बुडबुडेच. थांबेचनात. छगन म्हणाला, आबा, रडा, बरं वाटेल. मी म्हटलं, आधी हवा निघू दे. आणि तो निजलेला मागं, आणि इथं बुडबुडा फुटतो, बुडबुडा फुटतो… मग एकदाचं निवळ डिझेल आलं. चावी मारली. आणि गाडी खोकली. त्याआधी कधी नव्हती खोकली ती. त्या दिवशी, त्याला पाठीवर घेऊन, पहिल्यांदा.

आता बोला. त्या वाटीत काय शे? धूळ, हो, धूळच. पण कुठली? कोणत्या दुपारची? ती धूळ काढून नालीत ओता म्हणता? आमच्यात आखाजीला मेलेल्याच्या नावानं घागर भरतात, आज तुमच्या सासूनं भरली असेल, तुम्ही नमस्कार केला असेल. घागर वर्षातून एकदा. हा डबा रोजचा. भिकनमागं तानुबाईनं ठेवलेला भाड्याचा ड्रायव्हर दर थोड्या दिवसांनी तक्रार घेऊन यायचा, मेस्तरी, खोकते हो. मी डिझेलचा फिल्टर बदलायचो, पाणी सोडायचो, डब्याला वरून फडकं मारायचो, आणि म्हणायचो, चालू ठेव जरा, ऐकू दे. तो चहाला जायचा. मी इथं, तुम्ही बसलात त्याच ड्रमावर बसायचो. कधी कधी मी एखादी थाप मारायचो, एखादी गंमत सांगायचो—आणि बरोबर हसायच्या जागी खोकायचा. हसायच्याच जागी! तुम्हाला सांगतो, बाईला काय कळतं, तानुबाई तर माझ्या मागंच लागली होती, “झुलालभाऊ, तेवढा डबा धुई टाका ना, माले झोप येत नही, गल्लीमा गाडी उनी की मी उठी बसस”—पायच धरायची राहिली. मी म्हटलं, वहिनी, तो पार्ट मिळत नाही, मुंबईहून येईल…

आं?

काय म्हटलं मी? काही नाही. आण शे तिची, तेच सांगत होतो. …तसं बघू नका माझ्याकडं. …पाना खाली ठेवा, पितांबरराव. खाली ठेवा! तुमचा हात नाही लागणार त्याला. भंगारवाल्याचाही नाही. तो तर घणानं फोडेल, वाटी एकीकडं, जाळी दुसरीकडं, आणि आतलं तिथंच मातीत सांडेल, कुत्री फिरतील वरून…

द्या तो पाना इकडं.

मी काढतो. तोंड तिकडं करा. तिकडं करा म्हणतो, उघड्या माणसाकडं पाहू नये तसं.

…अडकलाय. वर्षभर… सुटला. सांभाळून. हे पाहा—नको, नका पाहू. चिखल शे. वर काळा, कापसाचे तंतू धरून बसलाय, ही भाड्याच्या ड्रायव्हरची बाजारची फेरी. खाली करडा. आणि तळाला… बोट घालतो. लाल. लालच शे हो. मऊ, मेणासारखी. मला वाटलं होतं काय असेल, काय असेल. नुसती माती. वास? डिझेलचा. माणसाचा नाही.

नाली नको. त्या डालड्याच्या डब्यात ओततो, राहू द्या माझ्याकडं. त्याचं मी पाहीन.

रॉकेल द्या. जाळी अशी बुडवायची, हलवायची, पुन्हा बुडवायची, तारेतारेतून निघेपर्यंत. मग झटकून निथळू द्यायची, ओली लावायची नाही. आता तेल. या खुणेपर्यंत, वर नाही. जास्त भरलं तर इंजिन तेलच ओढतं. कोणत्याही मेलेल्याला खुणेच्या वर भरू नये. …हसा की! विनोद केला मी. चिमटे आवळले. झालं. वर्षभर जे मिळत नव्हतं ते पाहा कसं चटकन झालं.

मारा चावी.

…

रेस द्या. आणखी द्या. आणखी.

…कशी चालते हो. कशी गुळगुळीत. धूरही नाही. चढ काय, सातपुडा चढेल. ही गाडी मी ओळखलीच नसती. कोणाचीही वाटते. शंभर गाड्यांत एक.

पैसे नको, आज पैसे नको, आज जवाईकडून घेत नसतात. जा, कमलला बसवा, सांगा पोरी, बाप उतरला गाडीतून. तानुबाईला सांगा—तिला काही सांगू नका, तिला झोपू द्या. जा आता. थांबलात का? म्हणता, मी एकटा? चला, पत्ते खेळायला चला? अहो दुकान उघडं शे, गिऱ्हाईक नको सोडायला. आज कोण येणार म्हणता… जा हो तुम्ही. आणि जाता जाता दारातून जरा अंग चोरून जा, असं मधोमध उभं राहू नका.

गाडीतून उतरलाय ना, त्याला आत येऊ द्या.