मुठीत मावणारा रंधा

नको, चपला काढू नका. आत यायचंच नाहीये तुम्हाला — इथं दाराजवळच थांबा, त्या पेट्या काढून ठेवल्यात, त्या उचला आणि चला. हो, मीच फोन केला होता, मीच म्हटलं होतं की हिमांशू, या आणि हा पसारा एकदाचा घेऊन जा — विसरले नाही मी. पण तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात उभी होते, आत हे अर्धांगाचा झटका येऊन पडलेले, आणि यांचा मोबाइल माझ्या हातात. तुमच्या त्या सुतारकामाच्या ग्रुपवर काय चाललं होतं ते सगळं दिसत होतं मला — आधी सगळ्यांचे जोडलेले हात, 'मधुसूदन सर, लवकर बरे व्हा', आणि त्याच्याच खाली कुणीतरी विचारलेलं की सरांच्या जपानी करवतीचं आता काय होणार. कुणी विचारलं ते मी सांगत नाही. तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे — आणि म्हणूनच तुम्हाला फोन केला, म्हटलं ज्याला घाई आहे त्याचीच आधी सोय करू. आणि सारखं काकू काकू करू नका, मी तुमची कुणी लागत नाही.

उघडा ना, बघून घ्या, नंतर म्हणाल काकूंनी काहीतरी ठेवून घेतलं. हे धारेचे दगड — हा खरखरीत, हा त्याच्याहून बारीक, हा त्याच्याहून बारीक, आणि हा कशाचा म्हणाल तर त्या बाकीच्या दगडांना सपाट करायचा दगड. दगडाला दगड लागतो, हे ज्ञान मला तुमच्यामुळं झालं. ही दोन चाकांची गाडी — पातं हिच्यात आवळायचं आणि दगडावर फिरवायचं, का तर कोन चुकायला नको. का हो, माणसाला हात दिलेत ते कशाला, पातं धरता येत नाही? ही करवतीच्या दातांना घालायची चामड्याची टोपी. हे रंध्याचे मोजे — हसू नका, मोजेच आहेत ते, तुम्हीच सगळ्यांनी मिळून मागवले होते, गंज चढू नये म्हणून. यांच्या पायातल्या मोज्याला अंगठ्याशी भोक, आणि रंध्याचे मोजे कोरे करकरीत. आणि हे फुलाचं तेल, जपानचं, लोखंडाला चोळायचं — मी केसांना लावून बघितलं एकदा, काही फरक पडला नाही.

शौक असू नये असं म्हणत नाही मी, शौक कुणाला नसतो. पण शौकातून काहीतरी निघावं ना हो? गाणारा गातो, वाईट का होईना पण गातो. यांनी काय केलं — सगळी नोकरी वाळूजच्या कंपनीत तपासणी खात्यात, दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू मोजायच्या आणि नापास करायच्या, आणि निवृत्त झाल्यावर घरी येऊन स्वतःच्या वस्तू नापास करायला लागले. मी मागितलं काय होतं — एक पोळपाट. शहागंजात वाटेल तितके मिळतात, पण म्हटलं माणूस हौसेनं काही करतोय तर आपल्यासाठी एक करू दे. शिसवीची फळी आणली, दोन बोटं जाड, काय सुंदर फळी होती. साध्या रंध्यानं तासली, मला दाखवली, मी म्हटलं झाला की पोळपाट, आता गोल कापा. तेवढ्यात रविवार आला आणि रविवारी तुम्ही आलात. ती पोलादी पट्टी काढलीत पिशवीतून, फळीवर उभी धरलीत, खिडकीकडं तोंड करून एक डोळा मिटलात आणि म्हणालात, "सर, मध्ये उजेड दिसतोय."

मी चहा घेऊन उभी होते तिथं, म्हणून पक्कं आठवतंय. उजेड दिसतोय म्हणे, म्हणजे पट्टीखाली केसाएवढा खळगा. अहो, पोळी लाटायची होती, त्यावरून रेल्वे जायची नव्हती. पण झालं, यांची झोप उडाली — हा रंधाच बरोबर नाही, परदेशी मागवला, महिनाभर त्याची वाट, आला, फळी पुन्हा तासली, पुढच्या रविवारी पट्टी लावली तर उजेड आता कडेला. मग त्याहून भारी रंधा. एका बाजूचा उजेड गेला की दुसऱ्या बाजूला, तो गेला की तिरका, आणि तुम्ही सगळे डोळा मिटून ओळीनं उभे, अगदी सूर्यग्रहण बघायला आल्यासारखे. फळी तासून तासून पापडाएवढी पातळ झाली हिमांशू — आणि मग एकदाचा तुम्ही सगळ्यांनी निकाल दिलात की आता उजेड नाही. टाळ्या वाजवल्यात. एप्रिल महिना, आपलं हे ऊन, आठवड्यात ती फळी अशी वाकली की टेबलावर ठेवली तर झुलायची. मी तांदळाच्या डब्यावर झाकण म्हणून घातली. अजून बाजारचाच पोळपाट वापरते मी, त्याला मध्ये खळगा आहे, आणि पोळ्या गोल होतात.

वेरूळला नाही का गेला होतात सगळे — डोंगरात छिन्नीच्या खुणा बघायला? मीही होते, डबे धरायला. तुम्ही भिंतीला हात लावून लावून एकमेकांना दाखवत होता, केवढं काम, केवढी नजर. मी म्हटलं, ही लेणी कोरणाऱ्यांच्या छिन्नीला चामड्याची टोपी होती का हो — तर सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं उमगलं. कसलं काय, परत येताना गाडीतच ठरलं की पटाश्या, म्हणजे लाकडाच्या छिन्न्या, बदलायला पाहिजेत. त्या काय, तुमच्या पायाशीच आहेत, लाकडी खोक्यात. एकीनंही अजून लाकूड बघितलेलं नाही.

काय शोधताय? आता का वाकून वाकून बघताय — आहे तेवढं सगळं आहे त्यात. पितळी रंधा? कुठला पितळी? असेल कुठंतरी खाली. नसेल तर नसेल, मला काय यातलं कळतं. — दिला असेल भंगारवाल्याला. हो, दिला. पितळेचा भाव चांगला आहे सध्या, दिला तोलून. बघा, बघा तुमचं तोंड कसं झालं. हे पडले तेव्हा नव्हतं झालं तसं. एवढ्या पेट्या मिळाल्या तरी जीव त्या एका रंध्यातच अडकलाय, कारण तो आता मिळत नाही, कंपनीनं बनवणं बंद केलं, असंच ना? मला सगळं ठाऊक आहे, तुम्ही काय बोलता ते स्वयंपाकघरात ऐकू येतं.

नाही हो दिला भंगारात. घरातच आहे. आणि तो मिळणार नाही तुम्हाला, हेही ऐकून ठेवा. फोनवर मी म्हटलं होतं सगळं न्या — म्हटलं असेल. आता नाही म्हणतेय.

कशाला पाहिजे म्हणजे? मला नकोय. मी काय त्यानं भाजी चिरणार आहे? — क्रांती चौकाजवळची ती तबस्सुम, फिजिओथेरपीवाली, ती येते रोज. फार गोड पोरगी. तिनं रबरी चेंडू दिला, उजव्या मुठीत धरा म्हणाली, बोटं वळायला पाहिजेत, आत्ताच वळली तर वळली, नंतर अवघड आहे. यांनी डाव्या हातानं चेंडू उचलला आणि भिंतीवर मारला. कपड्यांचे चिमटे दिले, ते ढकलून दिले. मी पाया पडले म्हटलं तरी चालेल, पण नाही — हात तसाच मांडीवर, मेलेल्या पाखरासारखा, आणि तोंड भिंतीकडं. मग एक दिवस मी तुमच्यासाठीच या पेट्या भरत होते. दोन्ही हात भरलेले, म्हणून तो पितळी रंधा जरा पलंगावर ठेवला. वळून बघते तर यांचा हात त्याच्यावर. डावा नाही — उजवा. आणि बोटं वळलेली. एवढासा तर आहे तो, मुठीत मावतो, पाठ गोल आहे त्याची, तळव्यात बसते. मी काही बोलले नाही. बोलले असते तर सोडला असता त्यांनी.

आता दुपारी पलंगापुढं टेबल सरकवते, त्याला फळी आवळते, फळ्यांच्या खोक्यातली कुठलीही, आणि त्यांच्या हातावर माझा हात ठेवून ढकलतो आम्ही. सालपट कसलं निघतंय, भुगाच पडतो. पण बोटं सुटत नाहीत. तबस्सुमनं बघितलं आणि म्हणाली, आंटी, अब बॉल रहने दो. — कळलं आता कशाला पाहिजे ते? तुम्हाला मी हे सांगणार नव्हते. ग्रुपवर टाकू नका, पुन्हा सांगते, एक शब्द टाकू नका.

आणि ती गाडी काढून ठेवा त्या पेटीतून. दोन चाकांची. हो, तीच, जिला मी नावं ठेवली — ठेवा म्हटलं ना. काल फळीत खिळा होता, मला दिसला नाही, पात्याला खोच पडली. त्यांना ते लगेच कळलं, लाकडावर रेघ उठली ना, ती बघितली आणि रंधा सोडून दिला. काल दुपारपासून हात लावलेला नाही. पुन्हा भिंतीकडं तोंड. आता हा माणूस एवढ्याशा खोचेसाठी हात गमावून बसणार आणि मी बघत बसणार. म्हणून धार मलाच लावायचीय, आणि मला कोन धरता येत नाही — सकाळी घासून घासून बघितलं, शेवटी पातं तसंच परत बसवून ठेवलं, हे बघा बोट. — नाही, तुम्ही लावून आणणार नाही, रंधा या घराबाहेर जाणार नाही. तोंडी सांगा. पातं गाडीच्या किती बाहेर ठेवायचं? अंगठ्याच्या नखाएवढं? आणि उलटी बाजू? हळू सांगा.

नाही, आत नाही. तुम्ही दाखवाल, कळतंय मला, पण नाही. दवाखान्यात आला होतात ना सगळे, पलंगाभोवती उभे राहिलात, आणि तुम्ही त्यांच्या हाताकडं बघितलंत — एक डोळा तेवढा मिटायचा राहिला होता. त्यांनी तो हात चादरीखाली ओढून घेतला, डाव्या हातानं. मी बघितलं ते. मला तुमचा राग आहे हिमांशू, आणि तो जाणार नाही, धार कशी लावायची ते सांगितलंत तरी जाणार नाही. तुम्ही वाईट नाही, असेल, पण ज्या माणसानं स्वतःला आधीच नापास केलंय त्याच्यापुढं तुम्हाला मी नेणार नाही. हं, सांगा. दगड आधी भिजवायचा, मग —

थांबा.

गप्प बसा जरा. — ऐकलंत? रंधा आहे. टेबलावर तसाच ठेवला होता मी, फळी आवळलेलीच होती. पण मी तर इथं आहे, आत कुणी नाही — आणि खोच आहे त्या पात्यात, रेघ पडत असेल, प्रत्येक फेरीला पडत असेल. — थांबला. — नाही, हलू नका. मीपण जात नाही. — चालला पुन्हा. रेघ पडतेय आणि चालवतायत.

जा तुम्ही. धारेचं राहू दे. पेट्या असू देत, कधी तरी न्या, नका नेऊ, जा. आणि दार हळू ओढा — आवाज झाला की थांबतील ते.