अंबाडीत उकळलेलं इंजिन

तुमाले खोटं वाटन, पण माह्या आबाजीच्या जुन्या मोटारसायकलच्या इंजिनची दोन झाकणं मी चार दिवस पॉलिश पेपरनं घासली, तरी पांढरे डाग हटले नाई. शेजारच्या कौसाबाई म्हणाल्या, "हे त जर्मनचं, म्हंजे अल्युमिनियमचं आहे, आपल्या भगोन्यावानी!" अन् दोन्ही झाकणं थेट अंबाडीच्या आंबट पाल्यात उकळाले टाकली. अशी झाकणं आता कुठीच भेटत नाई. मग बाईनं एक झाकण धानाच्या तुसाच्या राखेनं घासलं, त त्याच्यात माहं तोंड दिसलं! मी ते हातातून घेऊन लगेच गाडीले बसवलं. दुसरं त्यायनं बाहेरून चमकवलं, अन् उलटवून आतून घासाले बसल्या.

"बाई, आतून कोण पाह्यते?"

"काऊन? मी पाहून राह्यली ना."

मी पाना उचलला अन् बसवलेलं झाकण पुन्हा खोललं.