अर्ध्या नारळाचा करार

समीक्षा : काका, तुमची वकील म्हणून सांगते, ‘ठरलेलं’ एवढ्यानं नाही भागत. बिल्डरच्या वकिलानं तपशील मागणारा अर्ज दिला, कोर्टानं मंजूरही केला. तळमजल्याच्या घराचं तोंडी ठरलं म्हणता ना, मग कधी, कुठं, कोणासमोर, काय बोलून, सगळा तपशील दाव्यात द्यायचाय.

भिवा : धनेश बिल्डर स्वतः होता समोर. आमचीच जमीन घेतली नि आता मनाच विचारतो?

समीक्षा : विचारणारच. नाही दिला, तर तो मुद्दाच उडेल. मग मिळेल तो सातवा मजला घ्या.

गोदा : घे ना सातवा. वारा तरी लागंल. सगळं शहाड गाव वरच्या मजल्यासाठी भांडतं, नि आमचं ध्यान खालच्यासाठी कोर्टात! का, तर म्हणे उंचावर चक्कर येते.

भिवा : तू चहा कर जा.

गोदा : कवाच केला. तुझ्या पुढ्यात थंड झाला.

समीक्षा : काका, बोलणं कुठं झालं?

भिवा : गावदेवीच्या देवळात. हरिहर पुजाऱ्यानं नारळ फोडला. अर्धा धनेशनं घेतला, अर्धा मी. झालं पक्कं. त्यावर कागद कशाला?

समीक्षा : आणि तारीख?

भिवा : नाय आठवत.

गोदा : थांब गं. अर्धा नारळ? आपल्या लेकीच्या, रसिकाच्या डोहाळजेवणाला हा अर्धाच नारळ घेऊन आलेला. मी वरडले पण, बाकीचा वाटेत खाल्लास काय! कालवणात घातला मी तो.

समीक्षा : म्हणजे तारीख त्याच दिवसाची. काकी, तुम्ही तर साक्षीदार निघालात! काका, आता शब्द सांगा. धनेशला नेमकं काय म्हणालात?

भिवा : ते पण लिहायचं?

समीक्षा : तेच तर मागतायत.

भिवा : (गोदाकडे न बघता) म्हटलं, दुकानाचा गाळा नको मना. त्याच्या बदली खालचं घर दे, पुढं ओटा काढून. हिचे गुडघे गेलेत. ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलली नाय, तर हिला जेवण जात नाय. वर नेलं तर माझं माणूस सुकून जाईल.

गोदा : गाळा सोडलास?

भिवा : तुला सांगितलं असतं, तर म्हणाली असतीस गाळा घे.

गोदा : म्हणालेच असते. नि चक्कर?

भिवा : माडावर चढणारा माणूस मी. मना कसली चक्कर?

गोदा : येडा कुठला.

समीक्षा : लिहू ना, काकी? जसं बोलले तसंच?

गोदा : तसंच लिही. मी चहा गरम करून आणते. तोवर हा शेवटचं वाक्य खोडायला सांगंल, ऐकू नको त्याचं.