काकीची रबरी चप्पल

रेवसच्या आमच्या काकांचं सांगितलं का तुम्हाला? हृदयाचे ठोके बिघडले की शॉक देणारं मशीन त्यांच्या छातीत बसवलंय. एकदा होडी ओढताना शॉक बसला. तेव्हापासून काकांनी चालणं सोडलं आणि काकीने रबरी चपलेशिवाय त्यांना हात लावणं सोडलं.

परवा काकांना ट्रेडमिलवर चालवून तपासायचं होतं. दारातच सिस्टर म्हणाली, "चपला बाहेर काढा."

"न्हाय. करंट लागंल," काकी म्हणाली.

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "ठोके किती वाढले की मशीन शॉक देतं, ते बघून ठेवलंय. त्याच्या बऱ्याच आधी थांबवू. आणि बसलाच, तरी हात लावणाऱ्याला धोका नाही. चपला राहू देत."

काका घामाघूम होईपर्यंत चालले. शॉक बसला नाही. उतरताना त्यांनी हात पुढे केला. काकीने चपला काढल्या, मग तो हात धरला.

म्हणाली, "उद्यापासून मासळी आणायला तुमीच जायाचं."