पडदा मी पाडला

नाव : ओळखपत्रावरून लिहून घेतलं आहे, सेटवर सगळे भिंगरी म्हणतात. वय : तेवीस. धंदा : सध्या चित्रपटाच्या सेटवर मुकुट-तलवारी सांभाळणे. पत्ता : गोदामामागची खोली. आधीचे पत्ते लिहायला कागद पुरणार नाही.

समक्ष सांगतो की, मला जबाबाला साडेअकराला बोलावलं होतं, मी अडीचला आलो. टाळत होतो, हे कबूल. वाटेत एक जण दुकानाची पाटी रंगवत होता, ती पुरी होईस्तोवर थांबलो. हवालदारसाहेब म्हणतात, हे लिहायचं नसतं. बरं.

आमचा चित्रपट एका जुन्या शोकांत नाटकावरून आहे. राजा म्हणजे नाना, वय अठ्ठ्याहत्तर. हेच काम त्यांनी रंगमंचावर चाळीस वर्षं केलं. दिग्दर्शक त्यांची मुलगी; आम्ही ताई म्हणतो. चित्रपटात शेवट आधी घेतला तरी चालतो. त्यामुळे आज सकाळी राजाचं मरण होतं आणि दुपारी लग्न.

नऊ वाजता नाना मेले. असे मेले की दिवेवाला रडला. ताई "कट" म्हणाल्या. नाना हलेनात.

"बाबा, उठा आता."

नाना डोळे मिटूनच म्हणाले, "पडदा पडल्याशिवाय मेलेला उठतो का गं? हेच शिकवलं तुला?"

पंधरा मिनिटं हेच. शेवटी ताई म्हणाल्या, "भिंगरी, कर रे काहीतरी." मी खुर्चीवर चढून राजाच्या पलंगावरची चादर त्यांच्यासमोर सोडली. नाना टुणकन उठले, सगळ्यांना नमस्कार केला, मला म्हणाले, "झकास पाडलास. पुढच्या प्रयोगाची तिसरी घंटा झाली की येतो." आणि मुकुटासकट बाहेर पडले. मला वाटलं, चहाला.

दहा वाजता कळलं, नाना कुठेच नाहीत. फोन मेकअपच्या खोलीत, चपला दाराशी. ताई मला रागावल्या नाहीत. "पडदा तू पाडलास," एवढंच म्हणाल्या. त्या चपला तेव्हापासून त्यांच्या हातात आहेत. आत्ताही बाहेरच्या बाकावर तशाच घेऊन बसल्यात.

मी नानांना लपवलं नाही. मुकुट विकला नाही. पुठ्ठ्याचा आहे, घेणार कोण?

वरचं सगळं मला वाचून दाखवलं. माझ्याच तोंडचं आहे, पाटीवालासुद्धा त्यात आलाय. सही करतो.

सही करता करता ठाण्याच्या घड्याळाचे तीन टोले पडले, तेवढ्यात बाहेर ताई ओरडल्या. हवालदारसाहेब सांगतायत, समोरच्या न्हाव्याकडे सकाळपासून बसलेले एक गृहस्थ आलेत. अनवाणी, डोक्यावर मुकुट. विचारतायत, "तिसरी झाली. पडदा वर कोण घेतंय?"