नवशीकाकीची बारा पावलं

हे खरं तर मी सांगायचं नाहीये, कारण मी सही केली आहे, छापील कागदावर, पूर्ण नावाने. कागदावर स्वच्छ लिहिलं होतं की इथे कोण काय बोललं, कोण रडलं, कोणाला कशाची भीती वाटते हे बाहेर कोणालाही सांगणार नाही, आणि त्याखाली 'दुभाषी' असा शब्द, पुढे रेघ, आणि त्या रेघेवर मी. पण हळद लागायला अजून तास आहे, तुम्ही चिखल्याकडचे पाहुणे, आमच्या पाड्यात तुमची कोणाशी ओळख नाही, आणि तुम्हाला सांगते, गोष्ट पोटात ठेवून ठेवून माझंच पोट दुखायला लागलंय... तेव्हा ऐका, पण शितलने सांगितलं असं म्हणू नका.

मुळात मला या कामाला घेतलंच कशाला? तर आमचे सुनिल सर. परदेशातून डॉक्टर आल्यात, त्यांना पाड्यातली बोली आणि मराठी दोन्ही येणारी मुलगी हवी म्हटल्यावर सरांनी वर्गात बोट फिरवलं आणि माझ्यावर थांबवलं. म्हणाले, "ही शितल. चार वर्षं या शाळेत आहे, पण हिचा आवाज मी अजून ऐकलेला नाही. गुप्ततेसाठी हिच्यापेक्षा चांगली मुलगी मिळायची नाही." आता तुम्हीच सांगा, हे कौतुक झालं का? आणि जिचा आवाज ऐकला नाही तिला बोलायच्या कामाला लावतं का कोणी? पण मी मान हलवली. मला नाही म्हणता येत नाही, कारण त्यासाठी बोलावं लागतं.

तर नोव्हेंबरपासून आमच्याकडे जमीन हलते हे तुम्हाला माहीत आहेच. तुमच्याकडे समुद्राला जे जाणवतं ते आमच्याकडून उरलेलं असतं. सुरुवातीला लोक नुसते घाबरायचे, पण तीन महिने रोज हललं की माणूस काय करेल? शिकेल. आमच्या पाड्यात आता सगळे शास्त्रज्ञ आहेत. रघ्याकाकाने आयुष्यात घड्याळ घातलं नाही, पण धक्का बसला की तोंडातली विडी न काढता सांगतो, "तीन पॉइंट दोन." मग मोबाइलवर तीन पॉइंट तीन येतं, तर म्हणतो, "त्यांचं मशीन जुनं असेल." आणि तलासरीवाल्यांनी धक्का आमचा होता असं म्हटलं तर भांडणच, जसा काही तो कोणाच्या शेतात पिकतो.

अशात ती गाडी आली. त्यात अदिती मॅडम, मुंबईच्या, आणि अस्ट्रिड मॅडम, नॉर्वेच्या, ज्यांना पाड्याने पहिल्याच दिवशी नॉर्वेबाई करून टाकलं. दोन देश मिळून अभ्यास करत होते, की जमीन हलायची थांबल्यावर माणसाच्या आतलं हलणं थांबतं का, आणि नाही थांबलं तर त्यावर उपचार काय. आमच्याकडे जमीनच थांबली नव्हती, पण फॉर्म 'भूकंपानंतर' असा छापून आला होता, त्याला कोण काय करणार? नॉर्वेबाईंनी म्हणे कुठकुठल्या देशांत भूकंपाने घाबरलेली माणसं बरी केली होती. भूकंप मात्र स्वतः एकदाही बघितला नव्हता, त्या पोचेपर्यंत तो होऊन गेलेला असायचा.

आणि पहिलंच नाव कोणाचं? नवशीकाकीचं. हे मी सांगतेय ते फॉर्मातलं नाही हं, हे सगळ्या पाड्याला माहीत आहे, कारण काकीने स्वतःच वाणगावच्या बाजारात भाजी विकता विकता सगळ्यांना सांगून झालंय. नवशीकाकी म्हणजे रघ्याकाकाची बायको. डिसेंबरात ती भाकरी टाकून सरपण आणायला बाहेर आली, तेवढ्यात हललं आणि चुलीमागची विटांची भिंत चुलीवर आली. भाकरी तव्यावर, तवा विटांखाली, काकी दारात. रघ्याकाकाने भिंत नवी बांधली, चूल नवी घातली, सरकारी माणूस येऊन घर तपासून गेला, पण काकी काही आत जाईना. सरकारी तंबूत राहायची. तंबू ते घर मोजून बारा पावलं. मीठ पाहिजे, काका आतून फेकणार, काकी बाहेर झेलणार. तिखट, टोप, कांदे, सगळं हवेतून. एकदा पातेलं आलं ते आमच्या कोंबड्याला लागलं.

तरी ते तसंच चाललं असतं. पण काकीची लेक रूपी, तलासरीकडे दिलेली, सातवा महिना, पहिलंच बाळंतपण, ते माहेरी व्हायला नको? तिची सासू जिवली तंबू बघून गेली आणि जाताना एवढंच म्हणाली, "आई घरात, तर लेक तिच्या घरात. आई तंबूत, तर लेक माझ्याकडे." आणि गेली. त्या दिवशी काकी... नाही, ते फॉर्मात आहे. मी सही केली आहे.

मग मुलाखत. नॉर्वेबाई इंग्रजीत विचारणार, अदिती मॅडम मराठीत करणार, मी काकीच्या बोलीत, आणि उत्तर उलट्या वाटेने परत. काकी एका प्रश्नाला पाव तास बोलायची, त्यात रूपीचं लग्न, भिंतीच्या विटा कोणाकडून घेतल्या, जिवलीची मान कशी वाकडी आहे, सगळं. मी त्याचं दोन ओळीत करायचे, मॅडम एक शब्द करायच्या, आणि नॉर्वेबाई त्या एका शब्दावर पानभर लिहायच्या. शेवटचा प्रश्न सगळ्यांना एकच, तुमची भीती शून्य ते दहामध्ये किती?

काकीने आकाशाकडे बघितलं, हिशेब केला आणि म्हणाली, "चार पॉइंट एक."

मी सांगितलं चार पॉइंट एक. मॅडम म्हणाल्या चार पॉइंट एक. नॉर्वेबाईंना फार आवडलं, इतकं बारीक उत्तर त्यांना कुठल्याच देशात मिळालं नव्हतं. मग पुढचा माणूस, तीन पॉइंट आठ. त्याच्या पुढची, तीन पॉइंट सहा. अख्खा पाडा पॉइंटमध्ये. आणि चौथ्या दिवशी यादी लागली, ज्यांची भीती सहाच्या वर त्यांना उपचार आधी. यादी कोरी. नॉर्वेबाई म्हणाल्या, "अतिशय धीराचे लोक आहेत," आणि गाडीत बॅगा ठेवायला लागल्या.

आता तुम्हाला कळलं ना काय झालं? मला कळलं होतं. आमच्याकडे सगळ्यात मोठा धक्का चार पॉइंट एकचा. त्याच्या वर कोणी काही बघितलेलंच नाही. दहा झाला तर डहाणू उरेल का? मग दहा म्हणायचं कोणाच्या जिवावर? काकीने तिच्या परीने सगळ्यात मोठी भीती सांगितली होती, आणि त्या जोरावर तिला धीराची ठरवून गाडी निघाली होती, आणि रूपी तिकडे दिवस मोजत होती. हे तिथे कोणाला समजलेलं? मला. आणि बोलायला कोण? मीच. छाती इतकी धडधडत होती की रघ्याकाकाने तिचाही आकडा सांगितला असता.

शेवटी वहीचं पान फाडलं आणि लिहिलं, चांगल्या अक्षरात, समास सोडून. 'मॅडम, आमच्याकडे चार पॉइंट एक म्हणजे सगळ्यात जास्त. त्यापुढे आम्हाला येत नाही.' आणि गाडीच्या खिडकीतून दिलं.

अदिती मॅडमनी वाचलं. परत वाचलं. मग नॉर्वेबाईंना वाचून दाखवलं, तर त्या कपाळाला हात लावून तिथेच पायरीवर बसल्या, आणि मग सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "मग इथे भीती कशात मोजायची?"

सगळे माझ्याकडे बघतायत. सुनिल सर तर असे वाकले होते जसा काही रेडिओ लागणार आहे. मी म्हटलं, "पावलांत."

बॅगा उतरल्या.

उपचार असा, की काकीने रोज एक पाऊल घराकडे टाकायचं, तिथे बसायचं, धडधड कमी होईपर्यंत उठायचं नाही. ऐकायला सोपं आहे ना? पण त्याआधी नॉर्वेबाईंचा एक व्यायाम होता. त्या डोळे मिटून अगदी हळू सांगायच्या, "दोन्ही पाय जमिनीवर टेकवा... जमीन तुम्हाला घट्ट धरून आहे... जमिनीवर विश्वास ठेवा..."

काकीने एक डोळा उघडला. "शितल, तिला सांग, जगात सगळ्यांवर हाय, पण जमिनीवर माझा विश्वास नाय."

आता हे कसं सांगायचं? बाई एवढ्या लांबून आलेल्या. मी सांगितलं, "काकी म्हणते, दुसरं काहीतरी धरू." तर काकीने माझं मनगट धरलं. आणि नॉर्वेबाईंनी लिहून घेतलं की या भागात जमिनीऐवजी मनगट चालतं. अकरा दिवस, अकरा पावलं, आणि प्रत्येक पावलाला काकी माझं मनगट असं आवळायची की माझ्या बांगड्या दुसऱ्याच दिवशी गेल्या. काकीला पावलागणिक काय आठवायचं ते मी सांगणार नाही, मी सही केली आहे, पण मनगट दाखवते, हे बघा, मनगटाबद्दल कागदात काही नव्हतं.

बाराव्या दिवशी उंबरठा. आणि तिथे काकी जी थांबली ती थांबलीच. सोमवारी जिवली बघायला येणार, आज शनिवार, आणि काकी उंबरठ्यावर दगडासारखी. उंबरठ्यावर तिची राखण होती, तीन स्टीलचे पेले एकावर एक उपडे, जरा हललं की खणखणणार. रघ्याकाका आतून म्हणतो, "ये गं, मी बसलोय ना इथं." काकी म्हणते, "तू तर चुलीजवळ विडी पितोस, तुला काय कळतंय." मग नॉर्वेबाई म्हणाल्या, थांबा, मी आधी आत जाऊन दाखवते. पेले ओलांडून गेल्या, चुलीपाशी पाटावर बसल्या, आणि अशा गोड हसल्या, की बघा, काही होतं का?

पेले खणखणले.

तुम्हाला सांगते, चार श्वासांचा धक्का. कौलं वाजली, कुत्री ओरडली, रघ्याकाका विडीसकट बाहेर आला आणि म्हणाला, "दोन पॉइंट नऊ." सगळे बाहेर... नॉर्वेबाई नाहीत. त्या आत तशाच बसलेल्या, दोन्ही हातांनी खांब धरलेला, डोळे उघडे, पण उठता येईना. दोन्ही पाय मात्र जमिनीवर नीट टेकवलेले. अदिती मॅडम इंग्रजीत हाका मारतायत, काका मराठीत, मी कशातच नाही. आणि नवशीकाकी एवढंच म्हणाली, "अगं, पाहुणी हाय ती," आणि माझं मनगट सोडून आत गेली.

मोजलं नाही. पावलं बिवलं काही नाही. सरळ आत.

बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात नॉर्वेबाई होत्या आणि दुसऱ्या हातात तवा. तोच, डिसेंबरातला. काकाने विटांखालून काढून कोपऱ्यात ठेवलेला, तिला सांगितलं नव्हतं. काकीने बाईंना खाटेवर बसवलं, गूळ-पाणी दिलं, पदराने तोंड पुसलं, आणि मला म्हणाली, "विचार तिला, किती?"

मी विचारलं. बाई म्हणाल्या, "दहा."

काकी तिच्या शेजारी बसली. तवा मांडीवर घेऊन बराच वेळ तो अंगठ्याने पुसत राहिली. मग म्हणाली, "दहा नाय सांगायचा, बाय. दहा झाला तर सांगायला कोण राहील?" आणि आत जाऊन चूल पेटवली. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी त्या तव्यावरची भाकरी खाल्ली. पहिली जळली, ती काकाला दिली.

झालं तर. सोमवारी जिवली आली, घर शेणाने सारवलेलं, काकी आत पोलपाटासारखी ऐसपैस बसलेली, जिवली बघितलं न बघितलंसं करत म्हणाली, "ठीक हाय," आणि रूपी येत्या रविवारी येतेय, आमच्याकडे सगळं छान आहे. फक्त एक. नॉर्वेबाई कुठल्याच घरात जाईनात. विश्रामगृह नको, सुनिल सरांच्या घरी चहा नको. त्या नवशीकाकीच्या तंबूत राहतात. तिथेच जेवतात, तिथेच अहवाल लिहितात. मग काकी कशाला गप्प बसतेय? तिने बाईंना हाती घेतलंय. रोज एक पाऊल. बाईंना जमिनीवरचा व्यायाम आता चालत नाही, त्यांना माझं मनगट लागतं. हे दुसरं. अदिती मॅडम म्हणतात, हा संशोधनाचा फार महत्त्वाचा भाग आहे, हे नॉर्वेला कळवलंय, तिथून कौतुकाचं उत्तर आलंय, आणि पेशंट म्हणून बाईंचं नाव कुठे येता कामा नये, म्हणून माझ्याकडून आणखी एक कागद भरून घेतला. तर मी त्याच्यावरही सही केली आहे. त्यामुळे ती पेशंट कोण ते मी काही सांगणार नाही, तुम्ही विचारूही नका, ते फक्त मला आणि दोन देशांना...

"शितल, ए शितल! धाव गं, नॉर्वेबाई सातव्या पावलावर घाबरून बसली हाय, तुझा हात मागते!"

ऐकलंत? काकी. वाणगावपर्यंत गेलं असेल. तिकडे हळदीच्या मांडवातल्या सगळ्या बायका वळून बघतायत, आणि सही कोणी केली आहे, तर मी. आले काकी! हे बघा, मला जावं लागतंय, पण तुम्ही मात्र कोणाला म्हणू नका की हे तुम्हाला शित